चिडाची राळ

बदलीच्या नोकरीत ज्यांचे आयुष्य गेले त्यांना नव्या गावाची पहिली ओळख पटते ती रिकाम्या सरकारी घराच्या वासावरून. कुलूप निघते, दार कुरकुरत उघडते, आणि मागच्या कुटुंबाचा शिळा संसार, भिंतींतली ओल व बंद कपाटांतल्या डांबरगोळ्या या सर्वांवर मात करणारा फिनेलचा वास पुढे येऊन आपले स्वागत करतो. लखनौ असो, शिलाँग असो की भुवनेश्वर. माणसे निराळी, भाषा निराळी, पाणी निराळे, हा वास मात्र तोच. आमच्या सौभाग्यवतींचा तर नियमच होता की, ट्रकातून सामान उतरण्यापूर्वी प्रथम बादली, खराटा आणि फिनेलची बाटली आत जायची. मोरी, न्हाणीघर आणि सर्व खोल्यांच्या फरशा धुऊन निघाल्याखेरीज देवांचा डबा उघडायचा नाही. माहेरी शेणाने सारवलेल्या जमिनीवर वाढलेल्या त्यांच्या नाकाने हा परका वास शुद्धीचा वास म्हणून केव्हा मान्य केला, हे त्यांनाही सांगता येणार नाही.

त्या बाटलीविषयी आम्हांला कधी कुतूहल वाटले नव्हते. ते निर्माण झाले बरेलीच्या मुक्कामात. बरेलीहून रामपूरच्या वाटेवर ‘सी. बी. गंज’ नावाचे एक स्टेशन लागते. ही आद्याक्षरे कोणाची, असे आम्ही आमच्या चपराशाला विचारले. कोणा इंग्रज साहेबाची असतील, एवढेच त्याला ठाऊक होते. पुढे कळले की, गावाचे मूळ नाव क्लटरबकगंज. पीटर क्लटरबक हे संयुक्त प्रांताच्या जंगलखात्यातले वरिष्ठ अधिकारी. पुढे ते हिंदुस्थानच्या जंगलखात्याचे इन्स्पेक्टर जनरल झाले. जंगल कुमाऊँच्या डोंगरात, आणि जंगल अधिकाऱ्याच्या नावाचे गाव मात्र उसाच्या सपाट मुलखात, ही विसंगती आमच्या मनात रुतून बसली. तिचे उत्तर होते तेथील टर्पेंटाइन आणि राळ यांच्या कारखान्यात. तो कारखाना बंद पडून पुष्कळ वर्षे झाली आहेत. आमच्या घरातल्या फिनेलच्या बाटलीवर सुईसारख्या पानांच्या झाडाचे चित्र का असते, याचा उलगडाही त्याच्याच इतिहासातून झाला.

ते झाड चिडाचे. हिमालयाच्या खालच्या रांगांत साधारण पाचशेपासून दोन हजार मीटर उंचीपर्यंत ते वाढते. नैनितालला किंवा अल्मोड्याला गेलेल्या वाचकांनी त्याची सरळसोट खोडे आणि खाली पसरलेला वाळक्या पानांचा तपकिरी, निसरडा गालिचा पाहिला असेल. या पानांना तिकडे पिरूल म्हणतात. संस्कृतात या वृक्षाचे नाव ‘सरल’. कालिदासाने कुमारसंभवाच्या पहिल्याच सर्गात याचा मोठा मनोहर उल्लेख केला आहे. हत्ती गालांची खाज भागविण्यासाठी सरलवृक्षांच्या खोडांवर गाल घासतात, साल खरचटून झाडांतून चीक पाझरतो आणि त्याच्या गंधाने पर्वताची शिखरे सुगंधित होतात, असे तो सांगतो. झाडाला जखम झाल्याशिवाय सुगंध नाही, हे वनस्पतिशास्त्र कवीला पक्के ठाऊक होते. हत्तींनी सहज केलेले हे काम पुढे जंगलखात्याने धारदार वाकस घेऊन पद्धतशीरपणे चालविले, एवढाच काय तो फरक.

या चिकाला कुमाऊँत ‘लीसा’ म्हणतात. खोडावरची साल तासून तेथे पन्हळीसारखी खाच पाडायची, तिच्या तळाशी पत्र्याची जीभ ठोकायची, जिभेखाली मातीचे किंवा पत्र्याचे भांडे अडकवायचे आणि दर काही दिवसांनी खाच थोडी वर वाढवून जखम ताजी करायची; ही ती पद्धत. जखम बुजविण्यासाठी झाड जो चीक सोडते तोच माणूस गोळा करतो. हा लीसा भट्टीत घालून त्यातून वाफ सोडली की उडून जाणारे सुगंधी तेल वाफेबरोबर निघते आणि थंड होऊन पाण्यावर तरंगते. हे टर्पेंटाइन. शंभर किलो लीशातून ते फार तर पंधरा-वीस किलो मिळते. पाणी व केरकचरा वजा जाता सत्तर-पंचाहत्तर किलो जो चिकट, मधाच्या रंगाचा गाळ भट्टीच्या तळाशी उरतो तो गार झाला की काचेसारखा ठिसूळ होतो. ही आपली राळ. उत्तरेत तिला बिरोजा म्हणतात, व्यापारी रोझिन म्हणतात.

सुगंध निघून गेल्यावर उरलेल्या या तीन-चतुर्थांश मालाचे करायचे काय, हा प्रश्न जगात सर्वप्रथम मोठ्या प्रमाणावर पडला तो हिमालयात नव्हे, तर अमेरिकेच्या दक्षिण भागात. उत्तर कॅरोलिना आणि त्याच्या शेजारच्या राज्यांत लांब पानांच्या पाइनची अफाट अरण्ये होती. लाकडी गलबतांच्या काळात त्यांचे डांबर आणि राळ यांना आरमारातून मागणी असे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला टर्पेंटाइनचा भाव चढला. रंगासाठी, रबर विरघळविण्यासाठी, दिव्यांत जाळण्यासाठी ते हवे होते. गुलामांच्या टोळ्या दिवसभर अरण्यात झाडे तासत आणि गावोगावच्या भट्ट्या पेटलेल्या असत. पण राळ जड, तिला भाव कमी आणि रस्ते वाईट. बंदरापर्यंतची हमालीदेखील सुटत नसे. मग भट्टीवाल्यांनी काय करावे? त्यांनी तापलेली राळ सरळ ओढ्यात, नाल्यात, खड्ड्यांत सोडून दिली. फ्रेडरिक लॉ ओल्म्स्टेड या प्रवाशाने १८५० नंतरच्या दशकात हा प्रदेश पाहिला तेव्हा त्याला भट्ट्यांजवळ गोठलेल्या राळेची तळीच्या तळी दिसली. पुढे भाव चढल्यावर लोकांनी हीच तळी कुदळीने खणून विकली, ही त्याच कथेची दुसरी बाजू.

भाव चढण्याचे एक मोठे कारण साबण. राळ ही रसायनदृष्ट्या आम्ल आहे. तेलाचरबीप्रमाणेच ती कॉस्टिक सोड्याशी मिळते आणि तिचा साबण होतो. नुसत्या राळेचा साबण मऊ आणि चिकट. त्याची वडी धड उभी राहत नाही. पण चरबीत थोडी राळ मिसळली तर साबण स्वस्त पडतो, फेस भराभर येतो आणि मळ चांगला सुटतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतल्या धोबीघाटांवर जो पिवळा बार साबण गेला त्याचा पिवळेपणा बहुतांशी या राळेचा. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले आणि उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली तेव्हा कापसाप्रमाणेच राळेचीही युरोपात टंचाई झाली. ज्या वस्तूची दहा वर्षांपूर्वी नाल्यात विल्हेवाट लागत होती तिच्यासाठी साबणवाले कासावीस झाले.

सरकारी अधिकाऱ्यांनी या राळेचे आणखी एक ऋण मानले पाहिजे. १८०७ साली इलिग नावाच्या जर्मन कागदकाराने राळेचा साबण आणि तुरटी कागदाच्या लगद्यात घालून शाई न पसरणारा कागद बनविण्याची युक्ती प्रसिद्ध केली. त्यानंतर जवळजवळ पावणेदोनशे वर्षे जगातल्या फायली याच युक्तीच्या बळावर लिहिल्या गेल्या. आमच्या असंख्य टिपण्या, शेरे आणि ‘चर्चा करावी’ असे आदेश चिडाच्या चिकाने धरून ठेवले होते, हे त्या लिहिताना आम्हांला ठाऊक असते तर कदाचित आम्ही थोडे कमी लिहिले असते. असो.

फिनेलची जन्मकथा याच साबणाशी जोडलेली आहे. १८३४ साली रुंगे या जर्मन रसायनज्ञाने दगडी कोळशाच्या डांबरातून कार्बोलिक आम्ल वेगळे केले. १८६५ पासून लिस्टरने शस्त्रक्रियेतल्या जखमांवर ते वापरून दाखविले आणि रोगजंतू मारणारे औषध म्हणून त्याचा गवगवा झाला. पण डांबरातून निघणारी ही तेले पाण्यात मिसळत नाहीत. बादलीत ओतली तर तवंग होऊन वर राहतात. मग घरची फरशी आणि मोरी त्यांनी धुवायची कशी? ही अडचण राळेच्या साबणाने दूर केली. साबणाचा एक हात तेलाला धरतो, दुसरा पाण्याला. त्यामुळे तेलाचे बारीक बारीक कण पाण्यात तरंगत राहतात आणि बादलीतले पाणी दुधासारखे पांढरे होते. फिनेल पाण्यात पडताच जे पांढरे ढग उठतात त्यांचे रहस्य हे. इंग्लंडात जॉन जेज याने १८७७ साली अशा द्रावणाचे पेटंट घेतले. पुढे आपल्याकडे घरगुती कारखान्यांतून जे काळे फिनेल होऊ लागले त्याची कृती थोडीबहुत हीच होती: राळ, एरंडेल, कॉस्टिक सोडा आणि क्रिओसोट. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांच्या बेंगॉल केमिकलने देशी फिनेल घरोघरी पोचविले. सुगंध काढून टाकल्यानंतरचा गाळ अशा रीतीने दुर्गंध घालविण्याच्या कामी आला.

हा वास महाराष्ट्रात मात्र प्रथम घरातल्या स्वच्छतेचा म्हणून आला नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान झाले, आणि मुंबईच्या गटारांतून व गल्ल्यांतून कार्बोलिकचे पाणी वाहू लागले. १८९७ साली पुण्यात रँडच्या अमलाखाली गोरे सोजिर घरात शिरून सामान बाहेर फेकीत, माणसे ओढून नेत, आणि मागाहून भिंती चुन्याने व जंतुनाशकांनी धुऊन निघत. आमच्या घरी पणजीबाईंची एक आठवण सांगत असत. प्लेग ओसरल्यावरही कित्येक वर्षे त्या इस्पितळाच्या रस्त्याने जात नसत. तो वास आला की त्यांना देवघराच्या उंबऱ्यावर उमटलेले बूट दिसत. ज्या वासाने त्यांच्या अंगावर काटा येई त्याच वासाखेरीज त्यांच्या पणतसुनेला घर शुद्ध वाटत नाही. मधल्या तीन पिढ्यांत नाकाची समजूत कोणी आणि कशी घातली, याचा इतिहास कोणी लिहिलेला आमच्या वाचनात नाही.

काळ्या फिनेलात झाडाचा अंश होता तो साबणापुरता, वास डांबराचा. पांढऱ्या फिनेलात वासही झाडाचाच आला. त्यासाठी पुन्हा एकदा अमेरिकेत जावे लागते, कारण टाकाऊ लाकडातून घर धुण्याचे औषध काढण्याची गोष्ट अगदी शब्दशः तेथेच घडली.

दक्षिणेतल्या लांबपानी पाइनचे अरण्य मुळात सुमारे नऊ कोटी एकरांचे होते. ते विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत बहुतेक तुटून गेले. लाकूडवाले पुढे सरकले आणि मागे कोसन्‌कोस नुसती खुंटांची रानेच राहिली. ना तेथे नांगर चाले, ना नवी झाडे लावता येत. पण हे खुंट कुजत नव्हते. वरचे पांढरे लाकूड गळून पडे आणि आतला गाभा राळेने भरलेला, जड, सुगंधी, काडी लावताच पेटणारा असा टिकून राही. होमर यारियन या उद्योजकाने १९०९ च्या सुमारास मिसिसिपी राज्यातल्या गल्फपोर्ट येथे या खुंटांच्या ढलप्या करून त्यांतून वाफ सोडण्याचा कारखाना काढला. वाफेबरोबर टर्पेंटाइन आले आणि त्यामागून त्याहून जड असे एक निराळे तेल आले. ते पाइन तेल. मग ढलप्यांवर पेट्रोलियमचे द्रावक फिरवून राळ काढून घ्यायची आणि उरलेल्या निःसत्त्व ढलप्या बॉयलरखाली जाळून पुढच्या घाण्याची वाफ करायची. १९२० साली हर्क्युलिस पावडर या स्फोटकांच्या कंपनीने हे कारखाने घेतले. खुंट उपटायला सुरुंग लागत आणि सुरुंगाची दारू तीच कंपनी बनवी. उद्योगाची ही जुळणी पाहून आमच्याकडच्या कोणाही चतुर सावकाराने मान डोलवावी!

या पाइन तेलाला प्रथम खात्रीचे गिऱ्हाईक नव्हते. पण त्याला वास सुखद आहे, मळ व तेलकटपणा ते सोडविते आणि काही जंतूंना मारते, हे लक्षात आले. साबणाच्या साहाय्याने ते पाण्यात दुधाळ होऊन मिसळते, ही जुनी विद्या तयारच होती. १९२९ साली त्याच मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरी हॅरी कोल याने ‘पाइन-सोल’ नावाचे द्रावण बाजारात आणले, आणि तुटलेल्या अरण्याच्या खुंटांचा वास अमेरिकेच्या स्वयंपाकघरांत स्वच्छतेचा वास म्हणून नांदू लागला.

आता कुमाऊँकडे परत येऊ. तेथे लीसा काढण्याचे प्रयोग १८९० नंतरच्या दशकात सुरू झाले. नैनितालजवळ भोवालीला सरकारी भट्टी होती. पहिल्या महायुद्धात परदेशी राळ व टर्पेंटाइन यांची आवक घटली, देशातली मागणी वाढली, आणि युद्धानंतर मोठा कारखाना काढायचे ठरले ते बरेलीजवळ. बरेलीहून काठगोदामपर्यंत रेल्वे १८८४ सालीच पोचली होती. लीशाचे डबे माणसांच्या व खेचरांच्या पाठीवरून काठगोदामला उतरत आणि तेथून रेल्वेने मैदानात जात. ही व्यवस्था कागदावर निर्दोष दिसते. आम्ही स्वतः असा प्रस्ताव आला असता तर ‘मंजुरीस हरकत नसावी’ असा शेरा मारला असता.

डोंगरातल्या माणसाला ती कशी दिसली? त्याच्या गुरांचा चारा, शेताचे खत आणि झऱ्याचे पाणी बांज म्हणजे ओकच्या जंगलावर अवलंबून. चिडाखाली ना चारा ना खत. उन्हाळ्यात पिरुलाला आग लावली तर पावसाबरोबर कोवळे गवत उगवे, एवढाच त्याला चिडाचा उपयोग. १९११ ते १९१७ या काळात सरकारने गावांभोवतालची जंगले राखीव केली, चीड वाढावे म्हणून ही आग लावणे गुन्हा ठरविले, आणि चराई, लाकूडतोड, पाला-पाचोळा या सर्वांवर नियम बसविले. त्यातच वेठबिगार होती. साहेब दौऱ्यावर आले की गावकऱ्यांनी फुकट ओझी वाहायची. १९२१ च्या जानेवारीत बागेश्वरच्या उत्तरायणीच्या जत्रेत बद्रीदत्त पांडे प्रभृतींच्या नेतृत्वाखाली लोकांनी वेठीच्या नोंदवह्या शरयू नदीत बुडविल्या आणि वेठ संपली. मग उन्हाळा आला.

त्या उन्हाळ्यात कुमाऊँची चिडाची जंगले पेटली. दोन लाख एकरांहून अधिक क्षेत्र जळाले, आणि बहुतेक आगी हेतुपुरस्सर लावलेल्या होत्या, असा खात्याचाच निष्कर्ष होता. तासलेली खोडे, जिभेखाली लटकलेली लीशाने भरलेली भांडी. एका काडीचे काम. आणि लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, बांजाच्या जंगलांना या आगींची फारशी झळ लागली नाही. जाळणाऱ्याला झाडांची पारख होती. आपल्या भाषेत ‘चीड’ हा शब्द वेगळ्याच अर्थाने रूढ आहे, हा निव्वळ ध्वनीचा योगायोग. पण १९२१ ची हकीकत वाचताना दोन्ही अर्थ आमच्या मनात एकमेकांवर बसले ते बसलेच.

सरकारने कुमाऊँचे कमिशनर विंडहॅम यांच्या अध्यक्षतेखाली गाऱ्हाणी ऐकण्यासाठी समिती नेमली. १९२२ साली गोविंद वल्लभ पंत यांनी कुमाऊँच्या जंगलप्रश्नावर पुस्तिका लिहून लोकांची बाजू मांडली. पुढे संयुक्त प्रांताचे मुख्यमंत्री आणि देशाचे गृहमंत्री झालेले हेच ते पंत. कुमाऊँतली पंत घराणी आपले मूळ कोकणात सांगतात, ही परंपरा महाराष्ट्राबाहेर नोकरीत असलेल्या आमच्या वाचकांना ऐकून बरे वाटेल. त्यांचे पूर्वज तिकडे गेले ते मात्र बदलीच्या हुकुमाने नव्हे, आणि परत येण्याची वाट पाहत बसलेही नाहीत. समितीच्या शिफारशींनुसार जंगलांचे दोन वर्ग झाले. ज्यांना बाजारात किंमत नव्हती ती जंगले पहिल्या वर्गात टाकून लोकांसाठी मोकळी केली गेली. किंमत असलेली दुसऱ्या वर्गात गेली आणि खात्याकडे राहिली. चीड दुसऱ्या वर्गात. १९३१ साली वनपंचायतींचे नियम आले, त्यांनी गावाला काही जंगल राखण्याचा अधिकार दिला. लीशाचा ओघ मैदानाकडे चालूच राहिला. फाळणीत लाहोरजवळच्या जल्लो येथील राळेचा कारखाना पाकिस्तानात गेला. पुढे हिमाचलात नाहन आणि बिलासपूर येथे सरकारी कारखाने चालले. तेथे राळ व टर्पेंटाइन यांबरोबर फिनेलही बनू लागले.

स्वराज्यात हा प्रश्न मिटला असेल असे आम्हांला वाटत होते. तसे झाले नाही. चमोली जिल्ह्यात गोपेश्वर येथे चंडीप्रसाद भट्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दशोली ग्राम स्वराज्य संघाच्या वतीने १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस राळ व टर्पेंटाइन यांची एक लहानशी भट्टी काढली. झाड आमचे, जखम आमच्या डोंगरात, मग निदान ऊर्ध्वपातनाची मजुरी तरी येथे राहावी, एवढीच अपेक्षा. पण मैदानातल्या मोठ्या कारखान्याला ठरलेला लीसा सवलतीच्या दराने मिळतो आणि डोंगरातल्या भट्ट्यांना तो अधिक भावाने घ्यावा लागतो, अशी त्यांची तक्रार होती. कच्चा माल नाही म्हणून भट्टी थंड ठेवण्याची पाळी येई. १९७१ च्या ऑक्टोबरात गोपेश्वरला जंगलधोरणाविरुद्ध मोठे निदर्शन झाले. १९७३ साली मंडल येथे आणि १९७४ साली रेणी येथे झाडांना मिठ्या मारणारे जे चिपको आंदोलन जगाला दिसले, त्याच्या आधीचे हे पाऊल आहे. चिपको म्हटले की आपल्याला क्रीडासाहित्यासाठी तोडायची अंगूची झाडे आठवतात. एक बंद पडलेली राळेची भट्टी कोणाला आठवत नाही. आमच्या मते आठवायला हवी. झाड वाचविण्याची भाषा त्या माणसांना सुचली ती झाडापासून काही घडवू पाहत असताना, आणि ते घडवणे हातून निसटत असताना.

लीसा अजूनही काढला जातो. खोल खाचेऐवजी आता उथळ रेघा मारून त्यांवर सौम्य आम्ल फवारतात. झाडाला इजा कमी होते. जुन्या पद्धतीने तासलेली झाडे वाऱ्यात खाचेपाशीच मोडत आणि वणव्यात राळेने माखलेली जखमच प्रथम पेट घेई. देशाला लागणाऱ्या राळेपैकी बरीच आता परदेशातून येते. पाइन तेल म्हणून जे विकले जाते ते बहुधा खुंटातून काढलेले नसते. टर्पेंटाइनवर आम्लाची प्रक्रिया करून ते कारखान्यात घडवितात. अमेरिकेतल्या त्या प्रसिद्ध द्रावणातूनही मूळचे पाइन तेल केव्हाच निघून गेले, नाव राहिले. बाजारात अलीकडे ‘नैसर्गिक’ अशी मोठी अक्षरे असलेल्या घर धुण्याच्या बाटल्या आल्या आहेत आणि त्यांची किंमतही तशीच मोठी आहे. आम्ही त्यांच्या विरुद्ध नाही. टाकाऊ गाळातून उपयोगी वस्तू करणे हे केव्हाही चांगलेच. मात्र बाटलीवर झाडाचे नाव असते, तशी झाड तासणाऱ्याला काय मिळाले याचीही एक ओळ असावी, असे आम्हांला वाटते. औषधाच्या बाटलीवर विषाची मात्रा छापतात, मग ही मजुरी छापायला काय हरकत आहे?

बरेली सोडण्यापूर्वी आम्ही उभयता भोवालीला जाऊन आलो. भट्टी कोठे होती हे विचारीत फिरलो; प्रत्येकाने निराळी दिशा दाखविली. रस्त्याच्या कडेला एक जुने चिडाचे झाड होते. त्याच्या खोडावर छातीइतक्या उंचीपर्यंत चार जुन्या खाचा होत्या आणि त्यांच्या कडा सालीने अर्धवट झाकत आणल्या होत्या. एका खाचेच्या तळाशी राळेचे पिवळे मणी गोठून राहिले होते. सौभाग्यवतींनी नखाने दोन मणी काढून रुमालात बांधले. नव्या गावी आल्यावर फरशा फिनेलने धुऊन झाल्या, देवांचा डबा उघडला, आणि मग त्यांनी त्यातला एक मणी निखाऱ्यावर टाकला. शेजारच्या बाई दारात येऊन विचारू लागल्या, कोणती उदबत्ती लावली म्हणून.